मोठ्या पडद्याचा टीव्ही पुसण्याआधी

ईद जवळ आली की घराघरांत साफसफाईची धांदल उडते. खिडक्यांचे पडदे उतरतात, गालिचे उन्हात पडतात, पंख्याची पाती पुसली जातात आणि शेवटी कोणीतरी एक ओले फडके व काच पुसायचा स्प्रे घेऊन बैठकीतल्या टीव्हीकडे वळते. टीव्ही जुन्या पद्धतीचा, साध्या पिक्चर ट्यूबचा असेल तर फारसे बिघडत नाही, कारण त्याचे तोंड जाड काचेचे असते. पण तो कपाटाएवढा, मागून पेटीसारखा फुगलेला प्रोजेक्शन टीव्ही असेल, तर पाच मिनिटांच्या पुसापुशीत असे नुकसान होऊ शकते की पुढे कोणताही मेकॅनिक ते भरून देऊ शकत नाही.

असे टीव्ही आता दुकानात दिसत नाहीत, पण घरांतून अजून गेलेले नाहीत. १९९० नंतरच्या दशकात आणि २००० नंतरची काही वर्षे ज्यांना भिंतभर चित्र हवे होते, त्यांच्यासाठी हाच पर्याय होता. आखातात नोकरी करणाऱ्या कोणी मोठ्या हौसेने घेतलेला, मग गावच्या घरी आणून ठेवलेला असा एखादा संच रत्नागिरी-रायगडच्या बाजूला अजून भेटतो. मुंबई-पुण्यातही जागा ऐसपैस असलेल्या जुन्या घरात तो कोपरा अडवून बसलेला असतो. मुलगे म्हणतात, भंगारात द्या. अब्बा म्हणतात, चालतोय तोवर राहू द्या. यात अब्बांचे फार चुकते असे मला वाटत नाही. म्हाताऱ्या डोळ्यांना मोठी अक्षरे दिसतात आणि चालू वस्तू फेकून नवी आणण्यात शहाणपण असतेच असे नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हे टीव्ही बनवणे जगभर थांबले आहे. चपटे एलसीडी आणि प्लाझ्मा टीव्ही स्वस्त होत गेले तसे कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या. सोनीने २००७ च्या अखेरीस आपला निर्णय जाहीर केला. मित्सुबिशी सर्वांत शेवटपर्यंत टिकून होती, तिनेही डिसेंबर २०१२ मध्ये हे उत्पादन बंद केले. म्हणजे आज तुमच्या घरातला पडदा खराब झाला तर तसाच नवा पडदा मिळणे जवळजवळ अशक्य आहे. कुठल्या तरी बंद पडलेल्या संचाचा काढून मिळाला तर नशीब.

तो पडदा काच नव्हे

प्रोजेक्शन टीव्हीच्या पेटीत खाली तीन लहान पिक्चर ट्यूब असतात. एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येकीसमोर एक भिंग असते. तिन्हींचा प्रकाश मागच्या तिरक्या आरशावर जातो, तिथून परत फिरून पडद्याच्या पाठीवर पडतो आणि आपण पुढून चित्र पाहतो. नंतरच्या काही संचांत तीन ट्यूबऐवजी एक प्रखर दिवा आणि एलसीडीचे किंवा सूक्ष्म आरशांचे डीएलपी तंत्र आले, पण पडद्याची रचना साधारण तीच राहिली.

हा पडदा म्हणजे अ‍ॅक्रिलिकसारख्या प्लास्टिकचे एकमेकांना चिकटून उभे असलेले दोन पातळ तक्ते. आतल्या तक्त्यावर गोल गोल खाचा असतात. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहासाठी जे भिंग तयार केले आणि जे १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहावर प्रथम बसले, त्याच तत्त्वाचा हा सपाट अवतार. चहूकडे पसरत जाणारा प्रकाश तो सरळ करून प्रेक्षकाकडे पाठवतो. बाहेरच्या तक्त्यावर वरून खाली जाणाऱ्या अतिशय बारीक उभ्या रेघा असतात, कॉर्डुरॉयच्या कापडावर असतात तशा, पण कितीतरी नाजूक. त्यांच्यामुळे प्रकाश डावी-उजवीकडे पसरतो आणि खोलीत कडेला बसलेल्यालाही चित्र दिसते.

काही संचांत या रेघांच्या पुढे आणखी एक गुळगुळीत, पारदर्शक तक्ता बसवलेला असतो. त्याला संरक्षक पडदा म्हणू या. तोही प्लास्टिकचाच, आणि कधी कधी त्यावर खिडकीचा उजेड चमकू नये म्हणून एक अगदी पातळ लेप दिलेला असतो. आपल्या घरचा संच कोणत्या प्रकारचा, हे पुसण्याआधी पाहून घ्यावे. टीव्ही बंद करून बाजूने बॅटरीचा झोत टाका. आरशासारखे स्वच्छ प्रतिबिंब दिसले तर पुढे संरक्षक पडदा आहे. पृष्ठभाग मंद, रेशमी दिसला आणि जवळून उभ्या रेघा कळल्या तर रेघा उघड्या आहेत. नखाने चाचपून पाहू नका.

प्लास्टिक काचेपेक्षा पुष्कळ मऊ असते. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूचा कण काचेहूनही कठीण असतो. कोरड्या फडक्याने जोर देऊन पुसले की फडके त्या कणांना पडद्यावर पॉलिश कागदासारखे फिरवते. शिवाय कोरडे घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि नुकताच पुसलेला पडदा तासाभरात पुन्हा धूळ ओढून घेतो. म्हणून काही घरांतून “कितीही पुसा, धूळ बसतेच” अशी तक्रार ऐकू येते. त्यात धुळीइतकाच पुसण्याच्या पद्धतीचाही वाटा असतो.

काय लावू नये

काच पुसण्याच्या बहुतेक स्प्रेंमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल किंवा दोन्ही असतात. काचेला त्याने काही होत नाही. अ‍ॅक्रिलिकवर मात्र कोळ्याच्या जाळ्यासारख्या सूक्ष्म भेगा पडू शकतात, आणि चमक रोखणारा लेप असेल तर तो जागोजागी निघून येतो. नेलपॉलिश काढायचे द्रव्य, थिनर, पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट यांचा तर विचारही नको. हात निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल भरपूर असते. तोही टीव्हीपासून लांब ठेवा.

आमच्या ओळखीच्या एका घरी लग्नाआधीच्या आवराआवरीत असेच झाले. घरातल्या मुलीने मनापासून, स्प्रे मारून, वर्तमानपत्राच्या बोळ्याने मोठा टीव्ही लख्ख केला. रात्री टीव्ही लावला तर मधोमध परातीएवढा फिकट ढग. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. घरच्या बाईंनी विचारले, “भाई, एवढा डाग काढून द्याल का? घरात मेहमान यायचे आहेत.” त्याने झोत टाकून पाहिले आणि म्हणाला, “आपा, हा डाग नाही. पडद्याची साल गेली आहे. काढण्यासारखे काही उरलेलेच नाही.” ढग अजून तसाच आहे.

वर्तमानपत्राचे नाव निघाले म्हणून सांगते. आरसा पुसायला कागदाचा बोळा उत्तम, ही आपल्या आजींची शिकवण आरशापुरती खरी आहे. कागद लाकडाच्या धाग्यांचा असतो. टिश्यू पेपर आणि पेपर नॅपकिन हाताला मऊ लागले तरी प्लास्टिकवर बारीक चरे पाडतात. जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा, भांडी घासायचा स्पंज, झटकणीचा खरखरीत ब्रश हेही नको.

आणि घरगुती उपायांपासून जपून. चरा पडल्यावर टूथपेस्ट घासली की जातो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, खाण्याचा सोडा हीसुद्धा भुकटीच. गुळगुळीत प्लास्टिकवर अशा घासण्याने चरा पुसट होत असेलही, पण रेघांच्या पडद्यावर त्या रेघाच झिजतात आणि एका चऱ्याच्या जागी हातभर पट्टा अंधुक होतो. एक-दोन बारीक चरे टीव्ही चालू असताना चार हातांवरून दिसतही नाहीत. ते तसेच सोडून देणे हेच बरे.

पुसायचे कसे

टीव्ही बंद करून प्लग भिंतीतून काढा आणि निदान अर्धा तास थंड होऊ द्या. गरम पडद्यावर पाणी झटकन वाळते आणि ओघळांचे ठसे राहतात. बंद काळ्या पडद्यावर मळ चांगला दिसतो, हा आणखी एक फायदा. सकाळच्या तिरप्या उजेडात हे काम करावे. पंखा बंद ठेवा, म्हणजे झाडलेली धूळ पुन्हा येऊन बसणार नाही.

आधी धूळ सोडवायची, मग मळ पुसायचा. हा क्रम उलटला की चरे आलेच. धूळ सोडवायला नवा, रुंद आणि अगदी मऊ केसांचा ब्रश घ्या. वरच्या कडेपासून खालच्या कडेकडे, मोरपीस फिरवावे इतक्या हलक्या हाताने. कॅमेऱ्याची भिंगे साफ करायचा हवेचा रबरी फुगा घरात असेल तर कोपऱ्यांसाठी तो चांगला. तोंडाने फुंकर मारू नका. तिच्याबरोबर थुंकीचे शिंतोडे जातात.

पुष्कळदा एवढ्याने काम भागते. बोटांचे ठसे, लोबान आणि बखूरच्या धुराचा थर, स्वयंपाकघरातून येणारी तेलकट वाफ यांच्यासाठी मात्र पाणी लागते. ज्या बैठकीत रोज धूप फिरतो तिथे पडद्यावर पिवळट, चिकट पापुद्रा बसतो. तो कोरड्या फडक्याने निघत नाही, नुसता पसरतो.

पाणी कोणते घ्यावे, हेही महत्त्वाचे आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात आणि वाळल्यावर ते पांढरे ठिपके सोडतात. गाडीच्या बॅटरीत घालायचे शुद्ध केलेले पाणी पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये थोड्या पैशांत मिळते. ते उत्तम. फक्त ‘बॅटरीचे पाणी’च मागा आणि सीलबंद बाटलीवरचे लेबल वाचून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचे अ‍ॅसिडही असते. ते मिळाले नाही तर घरच्या फिल्टरचे पाणी उकळून थंड केलेले चालेल, पण मग शेवटचे पुसणे नीट झाले पाहिजे.

अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब टाका. त्याहून जास्त नको. साबण जास्त झाला की त्याचाच थर पडद्यावर राहतो. त्यात चष्मा पुसायच्या जातीचे, म्हणजे मायक्रोफायबरचे स्वच्छ फडके बुडवून इतके पिळा की एकही थेंब गळणार नाही. फडके दमट हवे, ओले नको. मायक्रोफायबर नसेल तर अनेकदा धुतलेल्या मऊ सुती बनियनचा तुकडा चालतो, पण त्यावर शिलाई किंवा बटण नसावे.

पाणी पडद्यावर थेट कधीही शिंपडू नका. थेंब ओघळत खालच्या कडेला जातो, तिथल्या फटीतून दोन तक्त्यांच्या मध्ये शिरतो आणि दिवा-वातीसारखा वर चढतो. एकदा आत गेलेले पाणी बाहेरून पुसता येत नाही. ते वाळल्यावर आतल्या आत राहिलेला डाग पांढऱ्या चित्रात नेमका दिसतो.

उघड्या रेघांचा पडदा असेल तर हात फक्त वर-खाली फिरवायचा, रेघांच्या दिशेने. आडवा हात मारला की मळ रेघांमध्ये दाबला जातो आणि फडक्याचे तंतू अडकतात. गुळगुळीत संरक्षक पडद्यावरही गोल गोल घासण्यापेक्षा सरळ हातच चांगला. वितभर पट्टा घ्या, तो पुरा करा, फडक्याची घडी बदला, मग पुढचा. एकाच मळक्या बाजूने सगळा पडदा पुसणे म्हणजे एका जागचा कण दुसऱ्या जागी नेऊन घासणे. सगळे झाल्यावर नुसत्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने साबण काढून घ्या आणि तिसऱ्या कोरड्या मऊ फडक्याने ओलावा टिपा. टिपायचे आहे, चोळायचे नाही.

जोर तर कुठेच नको. हा पडदा मधोमध कशावर टेकलेला नसतो, चारही कडांनी धरलेला असतो. दाबला की आत वाकतो, तक्ते एकमेकांवर घासतात आणि तिथे चित्र अस्पष्ट दिसू लागते. लहान मुले पडद्यावर हात टेकून कार्टून पाहतात, त्यांनाही याच कारणासाठी मागे बसवा. एखादा वाळलेला डाग निघत नसेल तर दमट फडके त्यावर मिनिटभर नुसते टेकवून धरा, डाग फुगू द्या आणि मग उचला. पहिल्या वेळी निघाला नाही तर पुन्हा तेच करा.

डाग कुठे आहे ते आधी पाहा

सगळेच डाग पुसून निघणारे नसतात. टीव्ही बंद असताना झोतात दिसणारा डाग पडद्यावर आहे. बंद असताना दिसत नाही पण चालू केला की दिसतो, तो आत आहे, आणि बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. वर्षानुवर्षे एकच बातम्यांचे चॅनेल लावून ठेवले की खालच्या पट्टीची आणि कोपऱ्यातल्या चिन्हाची सावली ट्यूबवर कायमची उमटते. ती मळ नव्हे. अक्षरांच्या कडेला लाल किंवा निळी किनार दिसत असेल तर तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. अनेक संचांत ते रिमोटवरच्या मेनूतून जुळवता येते. चित्र एकंदर धुरकट झाले असेल तर आतल्या भिंगांवर आणि आरशावर धूळ साठलेली असू शकते.

इथेच हौशी माणसाचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. माझे म्हणणे स्पष्ट आहे: मागचे झाकण घरी उघडू नये. त्या तीन ट्यूबना पंचवीस-तीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही त्यातली वीज काही काळ साठून राहू शकते. आतला आरसा घरातल्या आरशासारखा नाही. आपल्या आरशात चकाकी काचेच्या मागे असते, याच्यात ती पुढच्या बाजूला असते, म्हणजे फडके थेट त्या पातळ लेपावरच फिरते आणि तो निघतो. काही संचांत तर काचही नसते, ताणून बसवलेली चमकती प्लास्टिकची फिल्म असते. ट्यूब आणि भिंग यांच्या मध्ये ट्यूब थंड ठेवायला एक द्रव भरलेला असतो. तो बहुधा इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा असतो. त्याला गोडसर चव असते आणि ग्लायकॉल विषारी आहे. जुन्या संचाखाली चिकट, तेलासारखे ओघळ दिसले तर प्लग काढा, मुलांना आणि मांजराला तिथून दूर ठेवा आणि हातमोजे घालून कागदाने ते टिपून घ्या. तो द्रव आतल्या सर्किटवर पडला तर टीव्ही जळण्याचीही भीती असते. पुढचे काम जाणकार मेकॅनिकचे.

दिव्याच्या संचात दिव्याला बोट लावू नये. त्यात पारा असतो आणि आत दाबही प्रचंड असतो. हवेच्या जाळीवरची धूळ मात्र बाहेरून ब्रशने झाडायला हरकत नाही. जाळी तुंबली की दिवा लवकर जातो.

बंद घरातला टीव्ही

कोकणातल्या कुलूपबंद घरांचा प्रश्न वेगळा आहे. घरचे लोक मुंबईत किंवा आखातात, पावसाळा चार महिने, आणि टीव्ही अंधारात दमट हवेत उभा. मे महिन्यात घर उघडले की पडद्यावर बुरशीचे राखाडी ठिपके. आल्या आल्या टीव्ही लावू नका. एक-दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून खोली कोरडी होऊ द्या. पेटीच्या मागच्या फटींत मुंग्या किंवा पाली असल्याच्या खुणा आहेत का, ते झोताने पाहा. बाहेरची बुरशी वर सांगितलेल्या साबणाच्या पाण्याने हलकेच निघते. ते फडके नंतर टाकून द्या. दोन तक्त्यांमध्ये शिरलेली बुरशी निघत नाही. पडदा उतरवून तक्ते वेगळे करावे लागतात, आणि ते फार कमी हातांना जमते.

जाताना टीव्हीवर प्लास्टिकची चादर घालण्याची पद्धत आहे, ती बंद करा. प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. जुनी सुती चादर घाला, पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा आणि प्लग काढून ठेवा. डास मारायचा किंवा खोली सुगंधित करायचा स्प्रे टीव्हीच्या जवळ मारू नका. त्यांतही प्लास्टिकला घातक द्रव्ये असू शकतात आणि बारीक तुषार पडद्यावर जाऊन बसतात.

ज्यांच्या घरी आता भिंतीवरचा एलईडी टीव्ही आहे, त्यांनाही यातले बरेचसे लागू पडते. त्याचा पडदाही बहुधा प्लास्टिकचाच असतो. त्यावर उभ्या रेघा नसतात, पण दाब त्याला अजिबात सोसत नाही, आणि खालच्या कडेतून पाणी शिरले तर तिथे असलेल्या सर्किटपर्यंत पोहोचते. तोच मऊ ब्रश, तेच पिळलेले फडके, तोच हलका हात. ही फडकी स्वयंपाकघरातल्या फडक्यांत मिसळू देऊ नका. धुताना कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य घालू नका, त्याचा तेलकट थर पडद्यावर उतरतो. धुऊन, सावलीत वाळवून, एका पिशवीत घालून ती पिशवी टीव्हीच्या खणातच ठेवा, म्हणजे पुढच्या ईदला ज्याच्या हाती पुसायचे काम येईल त्याला ती तिथेच सापडतील.